ओलीस राणी, मोकळे राज्य

इ.स. १६८९ च्या जानेवारीअखेर कोल्हापूरच्या परिसरात मोगलांची एक फौज तळ देऊन होती. तिचा सरदार शेख निजाम हैदराबादी हा गोवळकोंड्याची चाकरी सोडून औरंगजेबाकडे आलेला, आणि मुकर्रबखान हा किताब मिळवलेला. त्याच्याकडे कामगिरी होती पन्हाळ्याची. पण छत्रपती संभाजी महाराज मोजक्या लोकांनिशी संगमेश्वरला आहेत, अशी पक्की खबर हेरांनी आणली आणि खानाने पन्हाळा बाजूला ठेवला. दोन हजार निवडक स्वार आणि हजारभर पायदळ घेऊन तो पंचगंगेच्या खोऱ्यातून निघाला. सुमारे ४५ कोसांची वाट, तीही सह्याद्रीच्या रानातून आणि अवघड घाटांतून. १ फेब्रुवारीला तो संगमेश्वरवर जाऊन आदळला.

त्या दिवशी राजा वाचावा म्हणून लढता लढता सरनोबत म्हाळोजी घोरपडे पडले. संभाजी महाराज आणि कवी कलश पकडले गेले. म्हाळोजींचा मुलगा संताजी मात्र वेढ्यातून निसटला.

हे नाव आम्हा इचलकरंजीकरांच्या घरातले आहे. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणचा नारो महादेव जोशी हा पोरका मुलगा कापशीला संताजींच्या आश्रयाला आला, त्यांच्या हाताखाली वाढला. संताजींनी त्याला मुलासारखे वागवले, म्हणून त्याने पुढे जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव लावले. त्याच नारोपंतांपासून इचलकरंजीची जहागीर सुरू झाली. आज इचलकरंजी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो आणि जुन्या राजवाड्यात वस्त्रोद्योगाचे शिक्षण चालते. पण या गावाच्या उभारणीचा पहिला धागा संगमेश्वरच्या त्या दिवसाशी जोडलेला आहे. आणि त्या दिवसामुळे ओढवलेली एक कैद जेव्हा तीस वर्षांनी संपली, तेव्हा ती संपवणाऱ्या माणसाची मुलगी याच घोरपड्यांच्या घरात सून म्हणून नांदत होती.

ही कैद महाराणी येसूबाईंची.

संभाजी महाराजांच्या कैदेविषयी मराठी माणसाला काही सांगावे लागत नाही. बहादूरगडावर विटंबनेची धिंड, किल्ले आणि खजिना कुठे आहे याची विचारणा, ठाम नकार, मग डोळे काढणे आणि ११ मार्चला भीमाकाठी वध. ते जेमतेम चाळीस दिवस आपण प्राणापलीकडे जपले आहेत, आणि ते योग्यच आहे. येसूबाईंच्या कैदेची तीस वर्षे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकतात. त्या तीस वर्षांत तलवार नाही, पलायन नाही, एकही गाजलेला प्रसंग नाही. म्हणून तिथे प्रतिकारच नव्हता असे समजणे ही मोठी चूक आहे.

येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजी शिर्क्यांची लेक. राज्यकारभार त्यांना नवा नव्हता. संभाजी महाराज मोहिमांवर असताना रायगडावरचे काम त्या पाहत आणि त्यासाठी महाराजांनी त्यांना स्वतंत्र शिक्का दिला होता. ‘श्री सखी राज्ञी जयति’ ही त्यावरची अक्षरे. म्हणजे फेब्रुवारी १६८९ मध्ये राजाच्या कैदेची बातमी गडावर आली तेव्हा निर्णय घ्यायला बसलेली स्त्री दुःखात बुडालेली असली तरी कारभारात मुरलेली होती.

पहिला निर्णय गादीचा. येसूबाईंचा स्वतःचा मुलगा शाहू तेव्हा सात वर्षांचाही झाला नव्हता. धाकटे दीर राजाराम महाराज एकोणीस वर्षांचे होते आणि गडावर नजरकैदेत होते. आईच्या मनाने विचार केला असता तर मुलाचे नाव पुढे करून स्वतः कारभार हाती ठेवता आला असता. येसूबाईंनी राजारामांना मोकळे केले, गडावरच्या सरदार-मुत्सद्द्यांना एकत्र आणले आणि त्यांचे मंचकारोहण करवले. शत्रू दाराशी आलेला असताना राज्याला लढता येईल असा राजा हवा, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

दुसरा निर्णय त्याहून कठीण. वजीर असदखानाचा मुलगा इतिकादखान याने मार्चच्या अखेरीस रायगडाला वेढा घातला. सगळे राजकुटुंब एकाच गडावर अडकले तर गड पडल्याच्या दिवशी राज्यही पडेल, हे उघड होते. चिटणीसांची बखर सांगते की येसूबाईंनीच राजारामांना बाहेर पडायचा सल्ला दिला. त्यांनी बाहेरून फौजा उभ्या कराव्यात आणि गड आपण राखू, असे ठरले. ५ एप्रिलला राजाराम महाराज रायगड उतरले. प्रतापगड, पन्हाळा अशी वाट धरत ते पुढे थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले.

ओलीस ठेवण्यामागे शत्रूचा एक हिशेब असतो. आपल्या हाती जे माणूस आहे त्याच्यासाठी समोरचा थांबेल, वाकेल, सौदा करेल. येसूबाईंनी कैद होण्याआधीच हा हिशेब मोडून ठेवला. गादीवर दुसरा राजा बसवला आणि त्याला शत्रूच्या आवाक्याबाहेर धाडले. आपण आणि आपला मुलगा उद्या पकडले गेलो तरी राज्य आपल्यासाठी अडून राहणार नाही, याची तजवीज करून त्या गडावर थांबल्या. बंदिवासातला त्यांचा सगळ्यात मोठा प्रतिकार बंदिवासाच्या सात महिने आधी झाला होता.

बाहेर संताजी घोरपडे स्वस्थ बसले नव्हते. तुळापूरला औरंगजेबाच्या छावणीत रात्री घुसून त्यांनी बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले आणि नंतर रायगडच्या वेढ्यावरही झडप घालून हत्ती पळवले, असे बखरी सांगतात. वेढा मात्र उठला नाही. पावसाळा गेला, रसद आटली, आणि ३ नोव्हेंबर १६८९ ला रायगड मोगलांच्या ताब्यात गेला. वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळ फितूर झाला, ही हकिकत मराठी मनात कायमची रुतून बसली आहे. इतिकादखानाला या विजयाबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. गड खाली करताना येसूबाईंनी त्याच्याकडून राजकुटुंबाच्या जिवाची आणि अब्रूची हमी घेतली होती. त्या, बाळ शाहू, शिवछत्रपतींच्या राणी सकवारबाई, शाहूंचे सावत्र भाऊ मदनसिंग आणि त्यांचा कबिला बादशाही छावणीच्या वाटेला लागला. आठ महिन्यांपूर्वी ज्याने पतीला मारले, त्याच्याच तंबूंच्या सावलीत आता दिवस काढायचे होते.

तो तुरुंग दगडी भिंतींचा नव्हता, कापडाचा होता. औरंगजेबाची छावणी म्हणजे हलते शहरच. बाजार, तोफखाना, हत्ती, कारखाने, आणि मधोमध गुलालबार म्हणजे बादशहाच्या तंबूंचा बंदिस्त आवार. मराठा राजकुटुंबाचा मुक्काम त्याच्या जवळ, पहाऱ्यात. शाहूंना ‘राजा’ हा किताब आणि सात हजारांची मनसब मिळाली. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकरांना जिव्हाळा लावला, याची आठवण मराठ्यांच्या कागदांतही आहे आणि ती कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. पण मानमरातब आणि माया ही कैदच होती. औरंगजेबाला हे कुटुंब मारायचे नव्हते. मराठ्यांचा वारस आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या रीतीरिवाजात वाढवावा आणि वेळ येताच त्याला मराठ्यांविरुद्धच वापरावे, हा त्याचा डाव होता. म्हणून येसूबाईंची खरी लढाई तलवारीशी नव्हती. एका मुलाने आपण कोण हे विसरू नये, यासाठी ती रोज चालली होती.

या लढाईचा एक प्रसंग मोगलांच्याच कागदात सापडतो. दरबारी बातमीपत्रांना अखबार म्हणत आणि त्यांत दिवसभराच्या बारीकसारीक घटना टिपलेल्या असत. १७०० सालच्या अखबारात शाहूंची नोंद आहे. ते फार अशक्त झाले आहेत, चेहरा पिवळा पडला आहे. चौकशी केल्यावर कळते की ते शिजवलेले अन्न घेत नाहीत, मिठाई, फळे असे काहीबाही खाऊन राहतात. कारण शिजवलेले अन्न हिंदूने कैदेत घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. त्यावर बादशहा निरोप पाठवतो की तुम्ही कैदेत नाही, आपल्या घरीच आहात, तेव्हा जेवत जा.

या नोंदीपाशी मी नेहमी थांबतो. अठरा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षे छावणीत वाढलेला, आजूबाजूला बादशाही थाट. तरी दिवसातून दोनदा पुढे आलेले ताट बाजूला सारून तो सांगतो आहे की हे माझे घर नाही. आणि हिंदुस्थानचा बादशहा त्याला घर आहे म्हणून समजावतो आहे. सातव्या वर्षी पकडलेल्या मुलाला अठराव्या वर्षी हे भान कोणी दिले असेल? तंबूत त्याच्याजवळ आई होती. शाहूंना रायगड कितीसा आठवत असणार? त्यांचा रायगड त्यांच्या आईच्या बोलण्यात होता.

१७०३ मध्ये दुसरी कसोटी आली. शाहूंनी धर्म बदलावा असा दबाव आला. शाहू बधले नाहीत. त्याच सुमारास प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी इस्लाम स्वीकारला. शाहूंवरचे संकट टळावे म्हणून त्यांनी हे आपल्या अंगावर घेतले, असे मराठी परंपरा मानते, आणि पुढे शाहूंनी त्या घराण्याला इनाम देऊन हा उपकार स्मरला. औरंगजेबाला या कैद्यांचा राजकीय उपयोगही करायचा होता. १७०० मध्ये राजाराम महाराज वारल्यावर त्यांच्या राणी ताराबाईंनी लढा हाती घेतला, तेव्हा शाहूंना सोडून मराठ्यांत दुफळी माजवावी अशी बोलणी शहाजादा कामबक्षामार्फत चालली. ती फिसकटली. एक गड घेतला की दुसरा निसटत होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड करत म्हातारा बादशहा सह्याद्रीत दमला.

येसूबाईंच्या हातची या काळातली जी थोडी पत्रे उरली आहेत, त्यांतले नगरच्या मुक्कामातले एक फार बोलके आहे. ते चिंचवडच्या देवस्थानाच्या देव महाराजांना लिहिलेले आहे आणि त्याचा विषय कर्जाचा आहे. छावणीतल्या खर्चाने देणे वाढले आहे, ते वारायला मदत व्हावी. इतकेच. महाराणीने देवस्थानाकडे पैशांसाठी शब्द टाकावा, ही वेळ वाचताना मन भरून येते. पण त्या पत्रात मला दैन्याइतकाच ताठा दिसतो. मनसब कागदावर कितीही हजारांची असो, स्वतःचे कारकून, सेवक, देवधर्म, सणवार हे सगळे सांभाळायचे तर हाती रोकड लागते. बादशहाच्या मुदपाकखान्यावर विसंबून राहिले असते तर कर्ज झाले नसते. छावणीतही आपली चूल, आपला संसार वेगळा ठेवायचा, त्याची किंमत ते कर्ज होते. आणि कर्ज काढणारा माणूस ते फेडायचा दिवस येणार हे धरून चालतो. सुटकेची कसलीही खूण नसताना येसूबाई त्या दिवसावर विश्वास ठेवून जगत होत्या.

१७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब नगरजवळ वारला. शहाजादा आझम गादीसाठी उत्तरेकडे निघाला आणि सगळा कबिला त्याच्याबरोबर फरफटत गेला. आता झुल्फिकारखानाने तोच जुना डाव पुढे केला. शाहूंना सोडले की ताराबाई आणि शाहू आपसांत लढतील, मोगलांची पाठ मोकळी राहील. मे महिन्यात भोपाळजवळच्या दोराहा गावी शाहूंना जाऊ दिले. पण येसूबाई, सून सावित्रीबाई आणि मदनसिंग यांना ओलीस म्हणून ठेवून घेतले.

अठरा वर्षे ज्याला पंखाखाली सांभाळले तो मुलगा दक्षिणेकडे गेला आणि आई दिल्लीकडे. रायगडावर जे केले होते तेच येसूबाईंच्या वाट्याला पुन्हा आले. तेव्हा दिराला बाहेर धाडून त्या आत राहिल्या होत्या, आता मुलाला धाडून आत राहिल्या.

या दुसऱ्या खेपेला मात्र मोगलांचा डाव बऱ्याच अंशी साधला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शाहू येताच खेडला मराठ्यांची मराठ्यांशी लढाई झाली. १७०८ च्या जानेवारीत शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला, ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली आणि सातारा-कोल्हापूर असे दोन भाग पडले. या भांडणाची झळ वारणा-पंचगंगेच्या काठच्या आमच्या मुलखाने पुढची वीसहून अधिक वर्षे सोसली. आणि आई दिल्लीत असल्यामुळे शाहूंना दिल्लीच्या बादशहाशी उघड वैर धरता येईना.

हा पेच सोडवला बाळाजी विश्वनाथ भट यांनी. १७१३ मध्ये ते पेशवे झाले. त्यांच्या दोन मुलींपैकी भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोश्यांच्या घरी पडली आणि अनुबाई नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव यांना, म्हणजे इचलकरंजीला, दिली गेली. संगमेश्वरी मेलेल्या म्हाळोजींच्या परंपरेतले घर आणि येसूबाईंना सोडवून आणणारा पेशवा असे एका सोयरिकीत बांधले गेले.

दिल्लीत तेव्हा बादशहा फर्रुखसियर आणि त्याचे कारभारी सय्यद बंधू यांच्यात वितुष्ट आले होते. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेनअली याला मराठ्यांची फौज हवी होती. १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्याच्याशी तह ठरवला. शिवछत्रपतींच्या वेळचे स्वराज्य मराठ्यांचे मानायचे, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी त्यांना द्यायची, त्या बदल्यात मराठ्यांनी पंधरा हजारांची फौज बादशहाच्या मदतीला ठेवायची आणि वर्षाला दहा लाखांची खंडणी द्यायची. आणि याच कलमांच्या ओळीत, येसूबाई आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना सोडायचे. फर्रुखसियरने तह नाकारला. तेव्हा हुसेनअली फौज घेऊन दिल्लीला निघाला आणि त्याच्याबरोबर पेशवे, सेनापती खंडेराव दाभाडे आणि पंधरा-सोळा हजार मराठे निघाले.

१७१९ च्या फेब्रुवारीत ते दिल्लीत पोहोचले. २८ तारखेला फर्रुखसियर पदच्युत झाला आणि त्या गदारोळात दिल्लीच्या रस्त्यांवर मराठ्यांची कत्तल झाली. दीड ते दोन हजार माणसे गेली. संताजी भोसले गेले, बाळाजी महादेव भानू गेले. हे भानू म्हणजे पुढच्या नाना फडणिसांचे आजोबा. एका कैदी स्त्रीच्या सुटकेच्या वाटेवर इतकी घरे उजाड झाली, याचा हिशेब सनदांच्या जमेत कुणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या नावाने सनदा मिळाल्या. येसूबाई मोकळ्या झाल्या आणि पेशव्यांबरोबर दक्षिणेच्या वाटेला लागल्या.

जुलै १७१९ मध्ये त्या साताऱ्याला पोहोचल्या. रायगड सोडल्याला एकोणतीस वर्षे आणि आठ महिने झाले होते. दोराह्याला जाताना जो पंचविशीचा मुलगा पाहिला होता, तो सदतीस वर्षांचा छत्रपती होऊन समोर उभा होता.

पुढचे परिणाम मोठे आहेत. त्या सनदांनी मराठ्यांना दक्षिणेत वसुलीचा कायदेशीर हक्क दिला आणि दिल्ली किती पोकळ झाली आहे हे पेशव्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुढच्या वीस वर्षांत बाजीरावांच्या स्वाऱ्या ज्या आत्मविश्वासाने उत्तरेत गेल्या, त्याचे मूळ त्या दिल्लीवारीत आहे. आई घरी आल्याने शाहूंच्या पायातली बेडीही गळून पडली. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला, नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली आणि भाऊबंदकीचा हा अध्याय मिटला. वारणेच्या दक्षिणेला कोल्हापूरच्या मुलखालगत असलेली इचलकरंजी मात्र पेशव्यांची सोयरी. दोन्हीकडची ओढाताण सांभाळत अनुबाईंनी ही जहागीर कितीतरी वर्षे स्वतः चालवली. बाईने राज्य राखायचे असते, ही गोष्ट या मुलखाला तोवर नवी राहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाही. येसूबाई ज्या घरातून निघाल्या तो रायगड त्या परतल्या तेव्हा मराठ्यांकडे नव्हता. तो सिद्दीच्या ताब्यात होता आणि थेट १७३३ मध्ये परत आला. दिल्लीहून आलेली त्यांची पालखी साताऱ्याला थांबली, जिथे त्यांनी महाराणी म्हणून कधी संसार मांडला नव्हता. ‘तुम्ही घरीच आहात’ असे औरंगजेबाने त्यांच्या मुलाला सांगितले होते. ते खोटे आहे, एवढे भान त्यांनी तीस वर्षे कैदेत जागे ठेवले. म्हणूनच शेवटी परतायला घर उरले होते, मग ते रायगडाऐवजी साताऱ्याला का असेना.